हेअर ट्रान्सप्लांट करताय? आधी या चुका टाळा

ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचा केस मुळासकट काढून पुढे लावतात, आणि जिथून काढला तिथे तो पुन्हा उगवत नाही. मागच्या या साठ्याला डोनर म्हणतात. बिघडलेल्या बहुतेक केसेसमध्ये या साठ्याचा हिशोबच कोणी मांडलेला नसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तो हिशोब घरीही मांडता येतो. ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे, तर १ ते ४ केसांचा पुंजका. सरासरी धरा २ केस. नैसर्गिक वाटेल अशी दाटी यायला दर चौरस सेंटिमीटरला ३५ ते ४० ग्राफ्ट लागतात. कपाळावरची रिकामी जागा १० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद असेल, तर ५० गुणिले ४०, म्हणजे २,००० ग्राफ्ट. हे जमतं. पण कपाळापासून भोवऱ्यापर्यंत २०० चौरस सेंमी मोकळं झालं असेल तर आकडा ८,००० वर जातो, आणि बहुतेकांच्या डोनरमधून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघतात ते साधारण ४,००० ते ६,०००. अशा वेळी प्रामाणिक डॉक्टर पुढचा भाग भरतो आणि भोवरा विरळ ठेवतो. ‘एका दिवसात पूर्ण डोकं’ अशी जाहिरात करणारा मागचा भाग खरवडून काढतो. मग बारीक केस कापले की मागे कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं. त्यावर उपाय फारसा उरत नाही.

कोटेशन घेताना ‘४,०००’ म्हणजे केस की ग्राफ्ट, हे लिहून घ्या. सर्जरीच्या दिवशी एक, दोन आणि तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याची वेगवेगळी मोजणी मागा. एका पुंजक्याचे दोन तुकडे करून संख्या फुगवणं अगदी सोपं असतं. ग्राफ्टच्या दरावर १८ टक्के जीएसटीही लागतो, कारण आरोग्यसेवेला मिळणारी सूट या सर्जरीला नाही (जन्मजात दोष किंवा अपघाती इजा असेल तर वेगळं).

निदान न करताच तारीख घेणं

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस गळतात आणि बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप सावरतात. चाईचे गोल चट्टे सक्रिय असताना ग्राफ्ट लावले तर तेही गळू शकतात. टाळूवर व्रण पाडणारे लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखे आजार असतील तर पैसे पाण्यात. बायकांमध्ये आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला हवं. त्वचारोगतज्ज्ञाने डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) टाळू आणि डोनर, दोन्ही पाहिलेले नसतील तर त्या सल्ल्याला अर्थ नाही.

बाविसाव्या वर्षी कॉलेजातली हेअरलाइन मागणं

या वयात टक्कल कुठवर जाणार हे कळत नाही. खाली ओढलेली हेअरलाइन आज छान दिसते. पण लावलेले केस टिकतात आणि त्यांच्यामागचे मूळचे केस गळत राहतात. दहा वर्षांनी पुढे झुडपांची रांग, मागे मोकळं मैदान. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून ७ ते ८ सेंमी वर, म्हणजे जवळपास आपली आडवी चार बोटं, ही रेष बहुतेक पुरुषांना शोभते. पहिल्या ओळीत फक्त एक-केसाचे ग्राफ्ट हवेत, नाहीतर बाहुलीचे केस दिसतात.

पंचविशीच्या आत शक्यतो आधी औषधं बघा: टाळूला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल, आणि डॉक्टर म्हणाले तर फिनास्टेराइडची १ मिग्रॅची गोळी. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, ते विचारून घ्या. सर्जरीनंतरही मूळचे केस टिकवायचे तर औषध चालू राहणारच.

लग्नाच्या दोन महिने आधी सर्जरी करणं ही इथली खास चूक. त्या वेळी लावलेले केस गळून गेलेले असतात आणि फोटोत आधीपेक्षा विरळ दिसतं. मुहूर्ताआधी किमान १० महिने हाताशी ठेवा.

डॉक्टर कोण, हे न विचारणं

नॅशनल मेडिकल कमिशनच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही सर्जरी प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाने करायची असते. वर्कशॉप किंवा यूट्यूब पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. टेक्निशियन मदतीला असतो. म्हणून विचारा: भूल कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, ते बसवायच्या चिरा कोण पाडणार? चिरेच्या कोनावरच केसाची दिशा ठरते.

भुलेलाही मर्यादा असते. टाळू बधिर करणारं लिग्नोकेन ॲड्रिनॅलिनसह दिलं तर वजनाच्या किलोमागे ७ मिग्रॅपर्यंत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं सुमारे २४ मिली. लांबलेल्या बैठकीत हा आकडा ओलांडला जाऊ शकतो. धोका फक्त मात्रेचाच नसतो: मुंबईत २०१९ मध्ये ट्रान्सप्लांटनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला, तेव्हा तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त झाला होता. ऑक्सिजन, ॲड्रिनॅलिन आणि मॉनिटर डोळ्यांनी बघूनच फॉर्मवर सही करा.

काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओले राहिले पाहिजेत. भाताचा तरवा उपटून बांधावर उन्हात पडला तर जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे काही मिनिटं पुरतात.

सर्जरीच्या आधी आणि नंतर

सिगरेट किमान दोन आठवडे आधी बंद. व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. चालू असतील तर सांगा. ॲस्पिरिन मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून थांबवू नका.

पहिल्या काही रात्री उशा लावून, डोकं ४५ अंश उंच ठेवून झोपा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांपर्यंत उतरते. घाबरू नका, ती ओसरते. खपल्या नखाने काढू नका: पहिल्या आठवड्यात खपलीबरोबर रक्त आलं तर ग्राफ्ट निघाला असं समजा. दहा दिवसांनी ग्राफ्ट बऱ्यापैकी पक्के होतात. दोन-तीन आठवडे हेल्मेट नको, म्हणजेच दुचाकीही नको. रिक्षाचा खर्च बजेटमध्ये धरा.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. मूळ आत जिवंत असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास बारीक केस येऊ लागतात, खरा निकाल १२ महिन्यांनी, भोवऱ्यावर कधी १८. पण पू, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा काळी पडत चाललेली त्वचा दिसली तर त्याच दिवशी क्लिनिक गाठा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून निळ्या टिकांची वाट बघत बसू नका.