फसलेल्या चित्रपटाच्या थट्टाप्रयोगाचा अभिप्राय कसा लिहावा

पडद्यावर फसलेला चित्रपट सुरू ठेवून त्यावर विनोदी टिप्पणी करण्याच्या प्रकाराला अमेरिकेत 1988 साली मिनेसोटातील एका स्थानिक वाहिनीवरील मालिकेमुळे ठळक रूप आले. असा प्रयोग जळगाव किंवा धुळ्याच्या नाट्यगृहात झाला आणि त्यावर लिहायचे असेल, तर ‘खूप हसलो’ एवढ्यावर थांबू नये.

सर्वप्रथम हशा कोठे पिकला ते टिपावे. टिप्पणी दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत बसली, तरच मूळ वाक्य आणि विनोद दोन्ही ऐकू येतात. मागील हशा ओसरण्याआधीच पुढचे वाक्य आले, तर ते मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नाही, आणि हा दोष कलाकारांचा असतो, प्रेक्षकांचा नव्हे. समजा, नायक मारामारीनंतरही इस्त्रीच्या शर्टात उभा आहे आणि मंचावरून ‘काय भो, धोबी संगेच आन्हा का?’ (धोबी सोबतच आणला का?) असा अहिराणी शेरा येतो. तेव्हा आधी कोण हसले, तरुण की घरातली वडीलधारी मंडळी, हे लिहावे.

प्रेक्षकांतून ओरडून मारलेल्या शेऱ्यांची नोंद थोडक्यात पुरे, कारण त्यांतील बहुतेक शेजारी बसलेल्यालाही आधीच सुचलेले असतात. मध्यंतरात चहाच्या टपरीवर लोक कोणते वाक्य पुन्हा म्हणून दाखवतात, ते मात्र अवश्य ऐकावे. नटाच्या रूपावर किंवा जातीवर मारलेला शेरा हशा मिळवून गेला असला, तरी तो खटकल्याचे स्पष्ट लिहावे.