लाकडी पॅलेट निवडताना: वजनाच्या आकड्याआधी विचारायच्या गोष्टी

पॅलेट (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचा फळ्यांचा पाट) बनवणारा आधी भाव सांगतो आणि मग म्हणतो, 'दोन टन सहज पेलतं.' कुठे पेलतं, ते विचारा. सपाट कोब्यावर ठेवलेलं, फोर्कलिफ्टच्या काट्यांवर उचललेलं आणि रॅकच्या दोन बीमवर टेकलेलं पॅलेट सारखंच वजन झेलत नाही. जमिनीवर भार सगळ्या तळातून उतरतो. रॅकवर तो दोन कडांवर येतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. तुमच्या गोदामात रॅकच नसेल तर रॅकच्या ताकदीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

माप मालावरून नाही, कंटेनरवरून आणि घेणाऱ्याच्या गोदामावरून ठरवा. 20 फुटी कंटेनर आतून सुमारे 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो. त्यात 1200 × 1000 मिमीची 10 पॅलेट बसतात, 1200 × 800 ची 11. 1140 × 1140 ची दोन शेजारीशेजारी ठेवली तर रुंदीत जेमतेम 70 मिमी उरतात, तेव्हा माल कडेबाहेर आलेला चालणार नाही. तसाही तो चालत नाहीच. खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते. कोपरा फळीबाहेर लटकला की वरच्या थरांच्या वजनाने खालचं खोकं चेपतं. गोण्यांचं उलट: त्या फळ्यांच्या फटीत उतरतात आणि तिथेच फाटतात. गोण्यांसाठी वरच्या फळ्यांमधली फट 40 मिमीच्या आत ठेवा. 25 किलोच्या गोण्या 1200 × 1000 वर थराला 5 लागल्या, तर 8 थरांत 1 टन होतो; बहुतेक हिशेब याच्या आसपास जमतात.

आता उचलणार कशाने? हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकचे काटे खाली असताना साधारण 85 मिमी उंच असतात, त्यामुळे आत शिरायची फट 100 मिमीच्या आसपास हवी. या ट्रकची पुढची चाकं पॅलेटच्या आत जमिनीला टेकून मग काटे वर उचलतात. खालची फळी नेमकी चाकांखाली आली तर पॅलेट वर जातं, फळी खाली दाबली जाते आणि खिळे उपटून निघतात. वर आणि खाली सारख्याच फळ्या मारलेली पॅलेट म्हणूनच फोर्कलिफ्टला ठीक, हातट्रकला नाही. चारही बाजूंनी काटे घालायचे असतील तर ठोकळ्यांचं पॅलेट घ्या. सलग रनरचं (फळ्यांखाली एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या उभ्या पट्ट्यांचं) साधं पॅलेट दोनच बाजूंनी उचलता येतं. रॅकवर ठेवताना रनर पुढच्या बीमवरून मागच्या बीमवर आडवे गेले पाहिजेत. ते बीमला समांतर ठेवले, तर मधल्या रनरखाली काहीच नसतं आणि सगळा भार फळ्या आणि खिळ्यांवर येतो.

फळीची जाडी हा पैसे वाचवायचा नेहमीचा रस्ता आहे, आणि सगळ्यात महागही. फळीचं वाकणं जाडीच्या घनाच्या उलट प्रमाणात असतं: 18 मिमीऐवजी 22 मिमी घेतली की वाकणं जवळपास निम्म्यावर येतं. गुळगुळीत खिळ्यांऐवजी दांड्यावर पीळ किंवा कडी असलेले खिळे मागा, प्रत्येक सांध्याला किमान दोन. टोकापासून 25 मिमी तरी आत मारायला सांगा, नाहीतर फळी चिरते. ओल्या लाकडात मारलेला साधा खिळा लाकूड वाळलं की सैल होतो. नागपूरच्या मे महिन्यात तर लगेच.

लाकडाचं म्हणाल, तर पाइन हलकं, सरळ आणि खिळ्याला सोपं. बाभूळ दणकट, पण जड, आणि वाळल्यावर खिळा मारला की फाटते. आंब्याच्या लाकडाला घुण पटकन लागतो. फळीखाली पिठासारखा भुसा दिसला की ती खेप परत करा. 'मिक्स जंगल वूड' या नावाखाली काय येतं हे फक्त आरा मशीनवाल्यालाच ठाऊक, त्यामुळे ऑर्डरवर लाकडाचं नाव लिहाच.

ओलावा मीटरने मोजा, 20 टक्क्यांखाली हवा. पॅलेटमधलं कोरडं लाकूड 20 किलो धरलं, तर 18 ऐवजी 30 टक्के ओलाव्याचं पॅलेट सुमारे 2.4 किलो जास्तीचं पाणी घेऊन येतं. 20 पॅलेट म्हणजे जवळपास 48 लिटर पाणी बंद कंटेनरमध्ये. नागपूरहून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे आणि पुढे समुद्रावर दिवसा तापून रात्री थंड होताना हेच पाणी छताला जमून खोक्यांवर गळतं. बुरशी लागते ती अशी.

निर्यातीसाठी आयएसपीएम 15, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम, पाळावा लागतो: लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटं राहिला पाहिजे. शिक्का समोरासमोरच्या किमान दोन बाजूंना, ठसठशीत. त्यात गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, भारताची खूण 'आयएन' (IN), कारखान्याचा क्रमांक आणि उष्णता प्रक्रियेची 'एचटी' (HT) ही अक्षरं बघा. हाताने लिहिलेला चालत नाही. एचटी म्हणजे वाळवलेलं, असं मात्र समजू नका: कीड मारण्याची ती प्रक्रिया आहे, ओलावा वेगळा मोजावा लागतो. सालही तपासा, 3 सेंमीपेक्षा अरुंद तुकडे चालतात. त्याहून रुंद असले तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंमीच्या आत हवं. कंटेनरमध्ये मालाखाली, मधे ठोकलेल्या लाकडी पाचरींनाही हाच नियम लागतो आणि तिथेच लोक अडकतात. प्लायवूडच्या पॅलेटला हा नियम नाही.

माल उतरवताना प्रत्येक खेपेतली पाच-सहा पॅलेट बाजूला काढा. दोन्ही कर्ण मोजा. 10 मिमीहून जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे. सपाट जागी ठेवून चारही कोपरे दाबा, डुगडुगतं का पाहा. हाताला एकही खिळ्याचं डोकं लागता कामा नये. रॅकसाठी घेतलं असेल तर पूर्ण भार घालून, जमिनीपासून 150 मिमी उंच दोन टेकूंवर रात्रभर ठेवा आणि दोरी ताणून झोळ मोजा. भार काढल्यावर झोळ तसाच राहिला तर ते पॅलेट रॅकवर चढवू नका.

साठवताना विटांवर, जमिनीपासून उचलून ठेवा, मातीला टेकलं की वाळवी येते. पावसाळ्यात ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू मोकळ्या सोडा. दुरुस्तीत एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलला, तर निर्यातीसाठी जुने शिक्के खोडून पुन्हा उष्णता प्रक्रिया करून घ्यावी लागते. त्यापेक्षा अशी पॅलेट गोदामातच वापरा.