जुना ईप्रॉम प्रोग्रॅमर दुरुस्त करताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत जुने सीएनसी लेथ आणि मिलिंग मशीन अजूनही चालू आहेत. त्यांच्या कंट्रोल कार्डांवर २७१६, २७३२, २७६४ अशा काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिप, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या आणि अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या मेमरी चिप, बसवलेल्या असतात. या चिप वाचण्यासाठी आणि नव्या चिप बर्न करण्यासाठी, म्हणजे त्यांत प्रोग्रॅम लिहिण्यासाठी, लागणारे त्या काळचे प्रोग्रॅमर आता दुरुस्तीला येऊ लागले आहेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक यंत्रांत मूळ बिघाड किरकोळ असतो. खरे नुकसान झालेले असते ते आधी कोणीतरी घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे. प्रोग्रॅमरमधला ट्रान्झिस्टर किंवा रेग्युलेटर आजही बाजारात मिळतो, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनच्या चिपमधला मजकूर एकदा गेला की तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीसाठी आहेत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे "नुसती चिप वाचायची आहे, त्याने काय बिघडणार" असे समजून दुरुस्त केलेल्या यंत्रात थेट मूळ चिप बसवणे. अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेच घडले. लेथच्या कंट्रोलमध्ये चार २७३२ए चिप होत्या, त्यांपैकी एक कधीकधी चुकीची वाचली जात होती, म्हणून मालकांनी चारही चिपची प्रत काढून ठेवण्याचे काम एका उत्साही मुलाला दिले. त्याने जुना प्रोग्रॅमर मिळवला, त्याचा फ्यूज बदलला, दिवा लागला, स्क्रीनवर अक्षरे आली, आणि तेवढ्यावर यंत्र चांगले झाले असे मानून पहिली चिप सॉकेटमध्ये लावली. प्रत्येक वेळी चेकसम, म्हणजे सगळ्या बाइटांची पडताळणीसाठी काढलेली बेरीज, वेगळी येऊ लागली. चिप खराब असेल असे समजून त्याने दुसरी लावली, मग तिसरी. प्रोग्रॅमर माझ्याकडे आला तोपर्यंत तिन्ही चिप बिघडल्या होत्या आणि मशीन बंद पडले होते.

दोष होता प्रोग्रॅमिंगचे व्होल्टेज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये. त्याचा कलेक्टर आणि एमिटर आतून शॉर्ट झाले होते, त्यामुळे यंत्र वाचनाच्या स्थितीत असतानाही चिपच्या २० क्रमांकाच्या पिनवर २५ व्होल्ट सतत उभे होते. २७३२ए मध्ये ही एकच पिन वाचताना आउटपुट इनेबलचे (चिपमधला डेटा बाहेर सोडण्याचे) आणि लिहिताना प्रोग्रॅमिंग व्होल्टेजचे काम करते, आणि तिच्यावर २२ व्होल्टपेक्षा जास्त दिल्यास चिप निकामी होते असा इशारा उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकातच) दिलेला आहे. शिवाय या पिनवर जास्त व्होल्टेज असताना चिप इनेबलची (चिप निवडणारी) पिन शून्य व्होल्टजवळ गेली की चिपच्या दृष्टीने ते वाचन राहतच नाही, ते लिहिणे होते. यंत्र एकेक पत्ता पुढे सरकवत होते आणि डेटा ओळींवर त्या क्षणी जे शून्य असेल ते चिपमध्ये थोडेथोडे उतरत होते. सिन्नरमध्ये त्याच बनावटीचे दुसरे मशीन चालू होते आणि त्याच्या चिपवरील आवृत्तीचा क्रमांक जुळत होता, म्हणून त्या मालकांच्या परवानगीने प्रत घेता आली. तसे मशीन जवळपास नसते तर तो लेथ भंगारात गेला असता.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की झिफ सॉकेट (चिप जोर न लावता बसवता-काढता येणारे, दांडीचे सॉकेट) रिकामे असताना प्रत्येक स्थितीतली मोजमापे झाल्याशिवाय त्यात कोणतीही चिप जात नाही. एका साध्या आयसी बेसच्या पिनांना वायरी जोडून मी मोजणीसाठी वेगळा जोड बनवला आहे. तो झिफ सॉकेटमध्ये बसवून यंत्र स्वस्थ असताना, वाचताना आणि लिहिताना पुरवठ्याच्या पिनांवर काय येते ते मी लिहून ठेवतो. प्रोग्रॅमिंग व्होल्टेजवर लोड असणेही आवश्यक आहे, कारण लोड नसताना २५ व्होल्ट दाखवणारा पुरवठा लोड येताच कोसळू शकतो. ८२० ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावला की सुमारे ३० मिलिअँपिअर जातात आणि २७१६ ला लिहिताना जास्तीत जास्त तेवढेच लागतात. मल्टिमीटरवर २५.० दिसले म्हणून समाधान मानू नये. पल्स सुरू होताना क्षणभर वर जाणारे व्होल्टेज फक्त सीआरओवर (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसते, आणि २७१६ साठी २६.५ व्होल्ट ही अखेरची मर्यादा आहे. हे सगळे नीट आले तरी पहिली चिप भंगारातलीच लावावी.

दुसरी चूक चिपवरचे शेवटचे अक्षर न वाचण्याची आहे. २७३२ ला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१. जुन्या २७६४ ला २१ लागतात, २७६४ए ला १२.५. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ ही तर तीन पुरवठ्यांवर चालणारी वेगळीच चिप आहे. इंटेलच्या २७१६ शी जुळणारी त्यांची चिप टीएमएस२५१६ आहे. शंका असेल तर डेटाशीट उघडावे; अंदाजाने मेनूमधला पर्याय निवडून पाहू नये.

व्होल्टेज ठरवणाऱ्या प्रीसेटबद्दल (स्क्रू फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरबद्दल) थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अपग्रेडच्या नावाखाली येथेच सर्वाधिक खेळ होतो. एलएम३१७ हा रेग्युलेटर वापरलेल्या पुरवठ्यात वरचा रेझिस्टर २४० ओहमचा असेल तर २५ व्होल्टसाठी खालच्या बाजूला सुमारे साडेचार किलोओहम लागतात. अनेक जण तेथे सरळ दहा किलोओहमचा स्वस्त प्रीसेट लावतात. नाशिकच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत दोनचार वर्षे काढलेल्या अशा प्रीसेटचा मधला स्पर्श सुटला की आउटपुट थेट इनपुटच्या जवळ, म्हणजे ३०-३५ व्होल्टपर्यंत, चढते. तेथे ४.३ किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट लावावा आणि प्रीसेटची मधली पिन कडेच्या पिनेला जोडावी. मग स्पर्श सुटला तरी व्होल्टेज साडेसव्वीसच्या आसपास अडते.

काही चुका एका ओळीत सांगून भागते. २४ पिनांची चिप २८ पिनांच्या सॉकेटमध्ये खालच्या टोकाला जुळवून लावावी, वरच्या नव्हे. सॉकेटचे स्पर्श पॉलिश पेपरने घासू नयेत, सोन्याचा मुलामा निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. अमेरिकेतून आलेल्या यंत्राचा व्होल्टेज सिलेक्टर ११५ वर नाही ना, हे प्लग लावण्याआधी पाहावे. बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली असेल तर ती काढून ट्रॅक सौम्य व्हिनेगरने पुसावेत आणि नंतर अल्कोहोलने स्वच्छ करावेत. मुख्य फिल्टरचे कंडेन्सर चांगले दिसतात म्हणून ठेवू नयेत.

आता वेगाबद्दल. २७१६ मधल्या प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंदांचा पल्स लागतो, म्हणजे २०४८ बाइटांना शंभरेक सेकंद लागतात. डिप्लोमा करणाऱ्या मुलांना हे असह्य होते आणि ते पल्स पाच मिलिसेकंदांवर आणून "व्हेरिफाय तर झाले" असे सांगतात. तसे व्हेरिफाय होतेही, पण चिपमधल्या बिट साठवणाऱ्या पेशीत चार्ज अपुरा साठलेला असतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कंट्रोल पॅनेल तापले की तोच बाइट चुकीचा वाचला जातो. एक मिलिसेकंदाच्या पल्सची जलद पद्धत नंतरच्या चिपसाठी आहे. तीत पुरवठा ६ व्होल्टवर नेतात, प्रत्येक पल्सनंतर बाइट तपासतात आणि तो जुळल्यावर आणखी एक लांब पल्स देतात. त्यातला फक्त छोटा पल्स उचलणे म्हणजे अर्धवट काम करणे होय.

जुना प्रोग्रॅमर नव्या संगणकाला जोडतानाही असाच घोळ होतो. पॅरलल पोर्टवर चालणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅमपैकी अनेकांमध्ये वेळ मोजण्यासाठी रिकामे लूप वापरलेले आहेत, त्यामुळे वेगवान संगणकावर पल्स नको तितके आखूड होतात. आणि प्रिंटरसाठीची यूएसबी केबल या कामाला चालतच नाही. सिरियल पोर्ट असलेल्या यंत्राला पाच व्होल्टचे यूएसबी मॉड्यूल सरळ जोडू नये, मध्ये व्होल्टेजची पातळी बदलणारी मॅक्स२३२ चिप हवी. हँडशेकच्या ("थांब" किंवा "पाठव" असा इशारा देणाऱ्या) ओळीही जोडाव्यात, कारण त्या नसतील तर लहान बफर भरून वाहतो आणि मधले बाइट हरवतात.

चिप पुसण्यासाठी गच्चीवरच्या उन्हावर विसंबू नये. थेट उन्हात आठवडाभर लागू शकतो आणि अर्धवट पुसलेली चिपही रिकामी असल्यासारखी वाचली जाते. २५३.७ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा वापरावा, चिप त्याच्यापासून अडीच सेंटिमीटरवर ठेवून पंधरा ते वीस मिनिटे द्यावीत, आणि दिव्याला झाकण असावे, कारण तो डोळ्यांना इजा करतो. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा या कामाचा नाही. खिडकीवर स्टिकरचा गोंद राहिला असेल तर तो आधी पुसावा.

प्रोग्रॅमरचा स्वतःचा प्रोग्रॅमही बहुधा तशाच ईप्रॉममध्ये असतो आणि तो तितकाच जुना असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पुरवठ्याची दुरुस्ती सुरू करण्याआधीच त्या चिप बेसमधून काढून दुसऱ्या, तपासलेल्या यंत्रावर वाचाव्यात, पुन्हा एकदा वाचून चेकसम जुळवावी, फाइल दोन ठिकाणी ठेवावी आणि खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावून तिच्यावर चिपचे स्थान व चेकसम लिहावी.