स्मरणसभेत बायबल वाचायला सांगितलंय? गवत, वाफ, धोटा यातलं काय निवडायचं

घरात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, तू चांगलं वाचतोस ना, मग सभेत दोन मिनिटं काहीतरी वाच. मग आपण बायबल उघडून गवत, सावली, वाफ, फूल असं काहीतरी शोधत बसतो. मी आजवर सात-आठ वेळा वाचलंय आणि एकदा फार चुकलोय, म्हणून हे लिहितोय.

मावशी गेली तेव्हा मी याकोबाच्या पत्रातलं ४:१४ (चौथा अध्याय, १४वं वचन) वाचलं, तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसता आणि मग नाहीसे होता. ओळ छोटी, सुंदर, मला वाटलं अगदी बरोबर बसेल. पण मी आधीचं १३वं वचन पाहिलंच नव्हतं. तिथे याकोब अशा लोकांना झापतोय जे म्हणतात आज-उद्या अमुक शहरात जाऊ, वर्षभर धंदा करू, पैसा कमवू. म्हणजे ती कानउघाडणी आहे, सांत्वन नाहीच. सभा संपल्यावर मावसबहीण हळूच एवढंच म्हणाली, "दादा, आईने कसला गर्व केला होता रे?"

तेव्हा पहिलं काम हे करा की उतारा सापडला की लगेच वर-खाली पाच-पाच वचनं वाचा आणि बघा की हे कोण बोलतंय, कुणाला आणि कुठल्या मनःस्थितीत. कारण उपमा सारखी असली तरी आवाज सारखा नसतो. ईयोब ७:६ घ्या, माझे दिवस विणकराच्या धोट्यापेक्षा भरभर जातात आणि आशेविना संपतात. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं साधन. इथे दुःखाने पिचलेला माणूस देवाशी भांडतोय. आणि मूळ हिब्रूत जो शब्द आहे, तिकवा, त्याचा अर्थ आशा पण होतो आणि दोरा पण, यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय २) राहाब नावाची बाई खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते तिच्यासाठी हाच शब्द आहे. म्हणजे धोटा इकडून तिकडे पळतोय पळतोय आणि अचानक दोराच संपला! कुणी तरुण पोरगं अपघातात गेलं असेल आणि घरातले देवावर चिडलेले असतील तर हा उतारा खरंच वाचा, त्यांच्या मनातलं बोलणारा कोणीतरी बायबलमध्येच आहे हे त्यांना कळू दे. पण ९० वर्षांची आजी झोपेत गेली असेल तर हा नको.

आजीसाठी स्तोत्र ९० चांगलं. त्यात आयुष्य ७० वर्षं, फार तर ८० असं सरळ सांगितलंय, आणि देवाला हजार वर्षं म्हणजे रात्रीचा एक प्रहर. तेव्हा इस्राएलात रात्रीचे तीन प्रहर धरायचे, म्हणजे साधारण चार तास.

मला स्वतःला विचाराल तर बहुतेक घरांसाठी स्तोत्र १०३. माणसाचे दिवस गवतासारखे, रानातल्या फुलासारखा तो फुलतो, वारा वाहिला की नाहीसा होतो. हे गवत म्हणजे आपल्याकडचं दिवाळीनंतर हळूहळू पिवळं पडणारं गवत नव्हे हं. तिकडे इस्राएलात पाऊस हिवाळ्यात, टेकड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्यागार आणि फुलांनी भरलेल्या, मग वाळवंटाकडून गरम वारा सुटतो आणि काही दिवसांत सगळं करपतं. म्हणून तिथे वारा आलाय.

आणि पुढची ओळ, त्याचं ठिकाण त्याला परत ओळखत नाही. इथे घाई करू नका. मावशीची ओट्याजवळची पाटी, जिच्यावर बसून ती भाजी निवडायची, ती नंतर कुणीतरी भिंतीला उभी करून ठेवली होती, मला ही ओळ वाचताना दर वेळी तीच पाटी दिसते. तुम्हाला त्या माणसाची अशी एखादी जागा माहीत असेल तर एका वाक्यात नक्की सांगा, पण एकाच.

बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक वाचणार असाल तर "व्यर्थ, व्यर्थ" एवढंच वाचून थांबू नका, लोकांना वाटतं आयुष्य फुकट गेलं म्हणताय. मूळ शब्द हेवेल, म्हणजे श्वास, वाफ. बायबलमध्ये सगळ्यात आधी मेलेला माणूस हाबेल, त्याचं नावही हिब्रूत हेच. हे दोन वाक्यांत समजावलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते कुठे मिळालं तर जरूर बघा.

आता वाचायचं कसं. उतारा मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून घ्या, मोबाईलवरून नको, मध्येच फोन येतो आणि डोळे भरले की स्क्रीन दिसत नाही. १०३ असेल तर १३ पासून सुरू करा, बाप मुलांवर दया करतो तिथून, म्हणजे गवत यायच्या आधी बाप येतो. १६ संपलं की थांबा, मनात पाच आकडे मोजा. मग १७, ते "परंतु" ने सुरू होतं, तो शब्द सगळ्यात स्पष्ट म्हणा. १८ झालं की कागद घडी करून खाली बसा, वर प्रवचन जोडू नका, ते पाळकसाहेब करतील.