जुन्या मृत्यूनोंदींतील आजारांची नावे कशी वाचावीत

नागपूर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे जातपडताळणीसाठी पणजोबांच्या काळातील कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या कोतवालाने दिलेल्या माहितीवरून ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढतात. जातीचा रकाना पाहून झाला की कागद फाईलमध्ये जातो आणि ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना तसाच राहून जातो. घरातले माणूस कशाने गेले याचा एकमेव लेखी पुरावा बहुधा तोच असतो, म्हणून तो नीट वाचायला हवा.

नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. अर्जात मौजा, अंदाजे साल आणि जुनी तहसील लिहावी, कारण तालुक्यांच्या हद्दी पुढे बदलल्या आहेत. आज भिवापूर तालुक्यात असलेल्या गावाची जुनी नोंद उमरेडच्या दप्तरात शोधावी लागते. शक्य असल्यास मागच्या-पुढच्या दोन-दोन पानांची पाहणी करण्याची परवानगीही मागावी. खरी माहिती तिथेच असते.

नोंदीतील शब्द आधी जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसह उतरवून घ्यावा आणि त्याला आजच्या आजाराचे नाव देण्याची घाई करू नये. माहिती देणारा कोतवाल डॉक्टर नव्हता. घरच्यांनी जे सांगितले तेच तो पुढे सांगत असे. शिवाय हा भाग तेव्हा मराठी आणि हिंदी मुलूख एकत्र असलेल्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात असल्यामुळे मराठी आणि हिंदी शब्द एकाच वहीत मिसळलेले आढळतात. पटकी आणि हैजा हा एकच रोग, म्हणजे कॉलरा. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्यात एकाच वस्तीतील नोंदी पाठोपाठ दिसल्या तर शंका उरत नाही. ‘देवी’, ‘माता’ आणि ‘चेचक’ हे शब्द मुख्यतः देवीच्या रोगासाठी येतात, परंतु लहान मुलांच्या बाबतीत गोवर किंवा कांजिण्याही ‘माता’ म्हणूनच नोंदल्या जात. ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेग.

सर्वांत कठीण शब्द ‘ताप’ किंवा ‘बुखार’. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, सगळे याच शब्दाखाली जमा होत. अशा वेळी तारीख, वय आणि शेजारच्या नोंदी एकत्र ठेवून पाहाव्यात. समजा, नोव्हेंबर १९१८च्या पानावर एकाच घरातील दोन सख्खे भाऊ आणि धाकट्याची बायको आठवड्याच्या आत ‘ताप’ने गेल्याची नोंद आहे, तिघेही २० ते ३५ वयाचे आहेत आणि आजूबाजूची पानेही तशाच नोंदींनी भरली आहेत, तर तो इन्फ्लुएंझा होता असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. त्या साथीने कर्त्या वयाची माणसे नेली आणि मध्य प्रांताला तिचा तडाखा फार मोठा बसला. हाच ‘ताप’ ऑक्टोबर १९११मध्ये एकट्या सात वर्षांच्या मुलापुढे असेल, तर पावसाळ्यानंतरच्या हिवतापाची शक्यता अधिक. ‘एकांतरा’, म्हणजे दिवसाआड येणारा ताप, असे स्पष्ट लिहिलेले असल्यास काम सोपे होते.

लहान मुलांच्या नोंदी वाचताना मन घट्ट करावे लागते. ‘दात येताना’ हे कारण वाचून नवल वाटेल, परंतु १७व्या शतकातील लंडनच्या मृत्यूंच्या छापील याद्यांतही दात हे मृत्यूचे कारण म्हणून छापले जात असे. दात येण्याने मूल दगावत नाही. त्याच वयात वरचे अन्न आणि पाणी सुरू होते, त्यामुळे अशा नोंदीमागे बहुधा हगवण असते. जन्मानंतर पाच ते दहा दिवसांत ‘सटवी’ने किंवा ‘झटके येऊन’ गेलेल्या बाळाच्या बाबतीत नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्याने झालेल्या धनुर्वाताचा विचार आधी करावा.

‘लकवा’, ‘जलोदर’, ‘सर्पदंश’ यांचा अर्थ सरळ आहे, मात्र जलोदर हे लक्षण असून मूळ दोष यकृताचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असू शकतो. ‘महारोग’ आढळला तर तो कुटुंबाच्या टिपणातून गाळू नये, कारण कुष्ठरोग आनुवंशिक नाही आणि तो लपवण्यासारखे त्यात काहीही नाही.

टिपण करताना मूळ शब्द, तारीख व वय, आणि आपला अर्थ असे तीन रकाने ठेवावेत. तिसऱ्या रकान्यात ‘बहुधा’ लिहायला संकोच करू नये आणि तो निष्कर्ष कोणत्या शेजारच्या नोंदींवरून काढला तेही तिथेच लिहावे, म्हणजे पुढे कुणाला अधिक पाने मिळाली तर त्याला तो तपासता येईल.