कटिंग मशीनवर दिवाळीचं कार्ड, तेही मराठी अक्षरांत

कागद पात्याने कापणारं मशीन आलंय, सोबत आलेलं सॅम्पल कार्ड कापून झालंय, आणि आता तुम्ही ‘हार्दिक शुभेच्छा’ टाइप केलंत तर स्क्रीनवर ह्रस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसलीय, रफार गायब आणि ‘च्छा’मधला च पाय मोडून वेगळा उभा आहे. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत एवढंच. त्यामुळे मराठी कार्ड करायचं तर अक्षरं बाहेर तयार करून चित्र म्हणून आत आणायची, हे एकदा जमलं की बाकीचं सगळं कागदाचं आणि गोंदाचं काम आहे.

इथे आपण एक साधं दिवाळी कार्ड करू: पुढच्या पानावर आकाशकंदिलाची जाळी कापलेली, तिच्यामागे पिवळा कागद, खाली ‘शुभ दीपावली’. साइझ ए६, म्हणजे ए५ कागद (१४८ × २१० मिमी) मधोमध दुमडला की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं आणि ते तयार मिळणाऱ्या सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) आरामात बसतं. पाकिटं स्वतः कापत बसू नका हो, वेळ जातो आणि मजाही नाही.

मशीन क्रिकट असो, सिल्हूट असो की ब्रदरचं स्कॅन-एन-कट, काम सारखंच, पाती आणि बटणांची नावं तेवढी वेगळी. कोणी परदेशातून आणून दिलं असेल तर अडॅप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा, लिहिलं असेल तर फक्त पिनचा कन्व्हर्टर लागतो, नसेल तर सरळ प्लग लावू नका.

आता अक्षरं. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते घ्या, त्यात जोडाक्षरं बरोबर येतात. फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरून उतरवा. बलू आणि मुक्ता हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, गुबगुबीत बलू कापायला फार सोपा कारण कुठेच बारीक रेघ नाही. यात्रा वन मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, तोही कार्डवर छान दिसतो. मोदक नावाचा फॉन्ट बघून सगळेच भुलतात, पण त्यात अक्षरांच्या आतली मोकळी जागा केसाएवढी असते, तिथे पातं कागद फाडतं, तो फक्त मोठ्या बॅनरला वापरा. आणि एक बघा, काही फॉन्ट हिंदी वळणाचा ल आणि श देतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर फॉन्ट निवडतानाच ‘दीपावली शुभ’ टाइप करून खात्री करा. घरातल्या मोठ्यांचं लक्ष पहिलं तिकडेच जातं.

टाइप झालं की पाथ मेनूमधलं ऑब्जेक्ट टू पाथ (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), मग अनग्रुप (आकार सुटे), मग सगळं सिलेक्ट करून युनियन (सगळ्यांचा मिळून एक आकार). हे युनियन विसरायचं नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, डोळ्याला ती एकच रेघ दिसते पण मशीनला दोन वेगळे आकार दिसतात आणि ते प्रत्येक सांध्यावर उभी चीर पाडतं, मग ‘दीपावली’चे तुकडे तुकडे हातात येतात. युनियन केलं की अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो.

आणि इथेच मराठीची खरी चैन आहे. इंग्रजी छापील अक्षरं कापली की एकेक अक्षर चिमट्याने उचलून, ओळीत लावून, पट्टी धरून चिकटवावं लागतं, त्यासाठी लोक मुद्दाम जोडलेले लपेटीदार फॉन्ट शोधत बसतात. आपल्याला शिरोरेषा आयतीच मिळालीय, शब्द वरून धरून उचलला की सगळी अक्षरं सोबत येतात, वाकडीतिकडी होत नाहीत. म्हणून शिरोरेषा जरा जाड ठेवा, निदान २ मिमी, फॉन्टमध्ये बारीक असेल तर वरून एक आयत काढून युनियनमध्ये टाका.

सुटे राहतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू आणि काही फॉन्टमध्ये रफार. ‘शुभ दीपावली’त यातलं काहीच नाही म्हणून सुरुवातीला तेच घ्या. ‘आनंदी’, ‘मंगलमय’ असं काही हवं असेल तर दोन उपाय आहेत. एक तर टिंब खाली ओढून शिरोरेषेला किंचित टेकवायचं, लांबून कळत नाही. किंवा शब्दाचा एक फुगीर आकार (आउटसेट, ३-४ मिमी) दुसऱ्या रंगात कापायचा आणि अक्षरं त्यावर चिकटवायची, टिंबही त्याच आकारात सामावतं आणि शब्दाला मागे छान कडा येते. मला दुसरा जास्त आवडतो, रंगीत कागदाच्या चिंध्यापण त्यात संपतात.

उलटं काम, म्हणजे कार्डातच अक्षरांची भोकं पाडायची असतील, तर भानगड वेगळी. तिथे व, प, ब यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. त्याला एखादी दीड मिमीची पट्टी ठेवून बाकीच्या कागदाशी जोडावं लागतं, स्टेन्सिलला करतात तसं. नवीन असाल तर अक्षरं चिकटवायचीच ठेवा.

कंदिलाची जाळीही याच तत्त्वावर. कागदाचा प्रत्येक उरणारा भाग कुठेतरी बाहेरच्या कागदाला जोडलेला हवा. साधारण ७० मिमी उंचीचा कंदील घ्या, मधला चौकटीचा भाग, वर-खाली त्रिकोण, आणि खाली झिरमिळ्या म्हणून उभ्या लांबट फटी. मधल्या पट्ट्या २ मिमीच्या ठेवा, दीडच्या खाली जाऊ नका. कार्डाच्या कडेपासून निदान ८ मिमी आत राहा नाहीतर दुमड जवळ आली की कागद लोंबतो. हे सगळं आयत आणि त्रिकोणांतून होतं, चित्रकला येत नसली तरी चालतं. नेटवरून तयार फाइल उतरवली तर ती फक्त घरगुती वापरासाठी आहे का ते वाचा, कार्डं विकणार असाल तर विशेष.

फाइल एसव्हीजीमध्ये (आकारांच्या रेघा साठवणारी फाइल) सेव्ह करा. सिल्हूटच्या फुकट बेसिक आवृत्तीत एसव्हीजी उघडत नसेल तर डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारात करा. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर लगेच रुंदी-उंची तपासा, आकडा हमखास बदललेला असतो. क्रिकटवाल्यांनी घडीची रेघ स्कोअर (न कापता नुसती दाबलेली रेघ) करून कार्डाच्या आकाराबरोबर अटॅच करायची, नाही केली तर ती रेघ मॅटवर (कागद चिकटवून मशीनमध्ये घालायची चिकट शीट) भलतीकडेच जाऊन उमटते.

कागद हा माझा आवडता विषय म्हणून जरा पाल्हाळ. कार्डाला २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट, अक्षरांना १२० ते १८०, झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद अक्षरांना फार लेचापेचा पडतो. कंदिलामागे पतंगाचा कागद, पिवळा ट्रेसिंग पेपर किंवा जिलेटीन, तिघांत पतंगाचा मला सगळ्यात बरा वाटतो कारण उजेडात धरला की खरा कंदील पेटल्यासारखा दिसतो, जिलेटीन नुसतं चकाकतं. घोटीव कागद पातळ आहे पण अक्षरांच्या मागच्या कडेला सोनेरी घोटीव लावून बघा, खरंच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला हे सगळं सुटं मिळतं, ढिगातला एखादाच ताव घेऊन आधी घरी कापून बघायचा आणि मगच जास्त आणायचा, कारण एकाच जीएसएमचे दोन कागद पात्याखाली अगदी वेगळे वागतात. आतून पांढरा आणि वरून रंग मारलेला कागद असेल तर कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, गडद रंगात तर फारच, ताव घेतानाच कोपरा फाडून बघा (दुकानदाराला विचारून!).

हातकागदाचा मोह सगळ्यांनाच होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद तिथे बनतो, हाताला फार सुंदर लागतो. पण बारीक जाळीला तो घेऊ नका. लांब धाग्यांमुळे पातं कागद ओढतं, कडा लोकरीसारख्या उसवतात, आणि फुलाच्या पाकळ्या किंवा पानांचे तुकडे घातलेला असेल तर पातं त्यावर अडकतं. हातकागद कार्डाचं मूळ अंग म्हणून वापरा, मशीनकडून त्याच्यावर फक्त घडीची रेघ आणि मोठे सरळ आकार करून घ्या, जाळी वेगळ्या गुळगुळीत कार्डशीटमध्ये कापून त्यावर चिकटवा. कापायचाच झाला तर वेग कमी, नवीन पातं, आणि एकाच दाबाने आरपार जाण्यापेक्षा कमी दाबाने दोन फेऱ्या.

दमट हवेचं पण बघायला लागतं. दिवाळीची तयारी भाद्रपदात सुरू करतो आपण आणि तेव्हा मुंबई-कोकणात कागद अजून ओलसर असतो, हात लावला की मऊ लागतो, तसा कागद कापला की फाटतो आणि कड केसाळ येते. ताव झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, कापायच्या आधी हलक्या इस्त्रीखाली, मध्ये सुती कापड घालून, एकदा फिरवा. रंगीत चमकी असलेल्या कागदाला इस्त्री नको.

मॅटवर कागद लावताना क्रिकटमध्ये कार्डशीटला हिरवी, पतंगाच्या किंवा झेरॉक्सच्या कागदाला निळी. जांभळी फार चिकट, ती जाड पुठ्ठ्याला, कार्डशीट तिच्यावरून उचलताना पापुद्रा निघतो. नवी मॅट जास्त चिकटत असेल तर जुन्या सुती टी-शर्टवर दोन-चार वेळा थापटा. जुनी चिकटत नसेल तर कोमट पाणी आणि अगदी थोडा साबण, बोटांनी चोळून धुवा, हवेवर वाळू द्या, टॉवेलने पुसलीत तर सगळे धागे तिला लागतील. तोपर्यंत कागदाच्या चारी कडांना मास्किंग टेप.

आता टेस्ट कट, हा टाळायचा नाही. कोपऱ्यात साधारण १ सेमीचा चौकोन, त्यात एक त्रिकोण. कापल्यावर त्रिकोण स्वच्छ निघाला आणि मॅटवर पात्याचा ओरखडा जेमतेम दिसला की सेटिंग बरोबर. त्रिकोण निघत नाही तर दाब थोडा वाढवा, मॅटच चिरली गेली तर कमी करा. त्रिकोणाचे कोपरे उसवलेत तर दाब नव्हे, वेग कमी करायचा, किंवा पातं बदलायचं. पात्याच्या टोकाला कागदाचा भुसा अडकलेला असतो, अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा करून त्यात टोक बरेचदा खुपसलं की तो निघतो, धार मात्र त्याने परत येत नाही. चमकीच्या कागदासाठी जुनं पातं बाजूला ठेवा, चमकी धार खाते.

कापून झालं की मॅट मशीनमधून काढायच्या आधीच कागद एका कोपऱ्यात उचलून बघा. आरपार नाही गेलं तर मॅट तशीच ठेवून परत एकदा कापता येतं, बाहेर काढलीत की ती जागा पुन्हा जुळत नाही. मग कागद मॅटवरून ओढायचा नाही, मॅट पालथी करून कागदावरून सोलायची, म्हणजे कागद टेबलावर सपाट राहतो आणि गुंडाळी होत नाही. जाळीतले बारीक तुकडे सुईने किंवा टाचणीने आतून बाहेर काढा, तेव्हा पंखा बंद. झिरमिळ्या सगळ्यात शेवटी.

अक्षरं काढल्यावर उरलेला कागद फेकू नका. ज्या भोकातून ‘शुभ’ आणि ‘दीपावली’ निघाले तोच कागद कार्डावर ठेवायचा, अक्षरं त्यात बसवून चिकटवायची आणि कागद उचलून घ्यायचा, अंतर-बिंतर मोजावं लागत नाही.

घडी घालताना रेघेची खोलगट बाजू बाहेर आणि उठावाची आत येऊ द्या, म्हणजे जाड कागद फुटत नाही. तरी फुटला तर कागदाचे धागे आडवे आहेत. कागद दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून बघायचा, ज्या दिशेला सहज वाकतो त्या दिशेची घडी स्वच्छ येते, फाइलमध्ये कार्ड ९० अंशांत फिरवलं की झालं.

पतंगाच्या कागदाला पाण्याचा गोंद सगळीकडे लावलात तर सुरकुत्या पडतात, फक्त कडेला, ग्लू स्टिकने. अक्षरांना बारीक नळीच्या बाटलीतून फेविकॉल, टिपके टिपके, रेघ नको. एखादा भाग उंच दिसावा वाटला तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप.

आतमध्ये पणती उभी राहणारं पॉप-अप हवं असेल तर घडीवर दोन समांतर चिरा आणि घडीपासून सारख्या अंतरावर वर-खाली दोन दुमडी, एवढंच. मधली पट्टी पायरीसारखी पुढे येते, तिच्या पुढच्या बाजूला चित्र तळापासून चिकटवायचं. ते अंतर समजा २५ मिमी ठेवलंत आणि पणतीचं चित्र ६० मिमी उंच आहे, तर बंद केल्यावर चित्र घडीपासून ८५ मिमीपर्यंत पोचतं, आणि आपलं पान १०५ मिमी रुंद आहे म्हणून बसतं. बेरीज पानापेक्षा मोठी झाली की पणतीची ज्योत कार्डाबाहेर डोकावते. हे पॉप-अप पुढच्या जाळीच्या पानातून नको, आत वेगळा कागद दुमडून त्यात कापा आणि तो कार्डात चिकटवा.

पोस्टाने पाठवणार असाल तर पॉप-अप आणि फोम टेपमुळे पाकीट फुगतं, सोबत कार्डाच्या मापाचा एक पुठ्ठा सरकवा आणि जाळीवर एक साधा कागद ठेवा, नाहीतर झिरमिळ्या पाकिटाच्या झाकणात अडकून वाकतात.