रोज मेढा, रविवारी चाळकेवाडी: सेकंडहँड बाईक कशी पारखावी

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमधल्या लाल रस्त्यावर मी एका मित्राची मोठी बाईक आडवी पाडली. वेग दहाचाही नव्हता. चिखलात पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या कुशीवर झोपली. मला खरचटलंही नाही, पण दोनशे किलोच्या आसपासची ती गाडी काही केल्या उचलेना. धुकं इतकं दाट, की पवनचक्कीची पाती दिसत नव्हती, नुसती घरघर ऐकू येत होती. पाऊण तासाने स्प्लेंडरला दुधाचे कॅन लावलेले एक मामा आले. दोघांनी मिळून गाडी उभी केली, आणि मामा त्याच चिखलातून भरल्या कॅनसकट पुढे निघून गेले.

स्वतःसाठी गाडी शोधायला लागले तेव्हा पहिली अट तिथेच ठरली: पडलेली गाडी मला एकटीला उचलता आली पाहिजे. माझी उंची पाच फूट तीन इंच. साताऱ्याहून मेढ्याच्या बँकेत रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात आणि रविवारी ठोसेघर, बामणोली नाहीतर एखादी कच्ची वाट. म्हणजे शंभर किलोमीटरमधले नव्वदहून जास्त डांबरावर. हा हिशेब तुम्हीही आधी कागदावर मांडा. बाजारात गेल्यावर उंच मडगार्ड आणि लोखंडी गार्ड बघून मन भलतीकडे धावतं.

साधारण अंदाज देते. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ जवळजवळ २०० किलोची, सीट ८०० मिलिमीटरवर. लांबच्या प्रवासाला ती भक्कम आहे, पण एकटीने चिखलात जायचं असेल तर हे वजन विसरू नका. हिरोची एक्सपल्स २०० ही १५५ ते १६० किलोच्या घरात. सीट मात्र ८२३ मिलिमीटर, त्यामुळे माझ्यासारखीचे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत. तिच्या आधीची इम्पल्स १३४ किलोची, कार्ब्युरेटरवाली, आता बंद झालेली. ती घेणार असाल तर आधी आपल्या गावात पार्ट मिळतात का ते विचारून या. आणि बजेट कमी असेल, तर चांगल्या स्थितीतली साधी स्प्लेंडर किंवा युनिकॉर्न घ्या, टायर जरा खोल नक्षीचे बसवा. आमच्या डोंगरातली निम्मी माणसं त्यावरच वर जातात.

मी शेवटी २०२१ची एक्सपल्स घेतली, अठरा हजार किलोमीटर चाललेली. त्याआधी सहा गाड्या बघितल्या आणि सोडल्या. त्यातून जे शिकले ते असं.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, "दादा, मी सकाळी येते, तोवर गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. कोमट असेल तर का, ते विचारा. थंड इंजिन स्टार्टरचं बटण एक-दोनदा दाबल्यावर उठलं पाहिजे. सकाळच्या गारव्यात सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते आणि विरते, तिची काळजी नको. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण उघडून आत बघा: ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बामणोलीकडे ओढ्यातून गाड्या घालणारे पुष्कळ आहेत, तेव्हा ही शंका मी आता प्रत्येक गाडीवर घेते.

एअर फिल्टर उघडून बघायला कुणी आडकाठी करत असेल तर मी ती गाडी बघतच नाही. आमच्याकडे जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर लाल होणारच, त्याचं काही नाही. पण फिल्टर काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. बोट लाल झालं तर ती धूळ सिलिंडरपर्यंत गेलेली आहे. सोडलेल्या सहांपैकी दोन गाड्या मी एवढ्यावरच सोडल्या. दोन्ही वरून चकाचक होत्या.

मग पुढची बाजू. कच्च्यावर फिरलेली गाडी तिथेच थकते. पुढचं चाक जमिनीवरून उचला. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी साइड स्टँडवर कलती धरायला सांगा. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. मधोमध खट्‌ करून अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा; खडखड लागली तर कोनसेट ढिला. कोनसेट बदलता येतो, त्यासाठी गाडी सोडू नका, किमतीत धरा. शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलं, तेही दुरुस्त होतं. पण नळीवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर नवीन सील पुन्हा फाटतं. हँडल पूर्ण वळल्यावर चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जिथे टेकतं तो ठोकळा बघा. चेपलेला किंवा परत वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

तारांच्या चाकाला स्क्रूड्रायव्हरने एकेक तार वाजवून बघायची. सगळ्या साधारण एका सुरात वाजतात. मध्येच एखादी भद्द वाजली तर ती ढिली. चाक फिरवून रिम आउट, म्हणजे वाकडी, आहे का तेही दिसतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं कडक रबर ओल्या घाटात मला नको. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, मागच्या टोकाला धरून ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) नवीन लागणार.

खाली वाकून इंजिनखालचा पत्रा, फूटरेस्ट आणि गिअरचा दांडा बघा. पत्र्यावर ओरखडे असणं हे वापराचं लक्षण, त्याने बिचकू नका. पत्र्यामागे इंजिनच्या धातूला चीर किंवा एम-सील लावलेलं मात्र दिसायला नको. किलोमीटरचा आकडा खरा का, ते फूटरेस्टचं रबर आणि हँडलची ग्रिप सांगते. दहा हजार किलोमीटरवर रबर गुळगुळीत होत नाही.

चालवून बघताना मी गर्दीच्या रस्त्याने जात नाही, यवतेश्वरच्या घाटाला लागते. चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने असताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच प्लेट संपल्यात. सपाटीला हँडल सैल धरून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. मागून दुसऱ्या गाडीवर कुणाला तरी यायला सांगा. दोन्ही चाकं एका रेषेत चालतात का ते मागच्यालाच दिसतं. परत आल्यावर गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा, गरम इंजिन पुन्हा सुरू करा, आणि खाली ऑइलचा थेंब आहे का ते बघा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. रोज ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्याने शक्यतो त्यानंतरचीच घ्यावी, असं माझं मत आहे. माझ्या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे आणि कच्च्या उतारावर मला ते बरं वाटतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. आरसीवरचा (नोंदणी पुस्तकातला) चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बँकेत बसते म्हणून सांगते, बोजा राहून गेलेले लोक वर्षांनंतरही फिरताना मी बघते. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्या. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत दाखला) लागते का, ते आधीच आपल्या आरटीओत विचारा. ई-चलन किती बाकी आहेत ते मालकासमोरच मोबाईलवर तपासा. आरसी तीस दिवसांत आणि विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा थोडा फरक भरावा लागतो.

मला गाडी पंच्याऐंशी हजारांना मिळाली. त्यावर चेनसेट, पुढचा टायर, कोनसेट आणि सर्व्हिसिंग धरून अकरा हजार गेले. तुम्हीही किमतीच्या दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवूनच बोलणी करा. आणि एकवीस इंची पुढच्या चाकाची ट्यूब सोबत बाळगा. डोंगरातल्या पंक्चरवाल्याकडे ती बहुधा नसते. अडचणीला तीच ट्यूब मागच्या चाकातही बसते, घरापर्यंत आणते.

गाडी घरी आली की अंगणात मऊ मातीवर, पेट्रोल कमी असताना, दोन माणसं जवळ ठेवून ती एकदा अलगद आडवी करा. पहिला गिअर टाका, हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एका हातात हँडल, एका हातात मागची पकड, आणि पायांच्या जोराने एकेक पाऊल मागे रेटत उठा. माझी गाडी तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली.